गाडीची जागा

(भंडाऱ्यातलं एक घर. अंगणातल्या टिनाच्या गॅरेजचं शटर वर केलेलं. करुणा आणि तिचा थोरला भाऊ नंदलाल सकाळपासून आतलं सामान बाहेर काढत आहेत.)

करुणा : ...हे पाह्य, हे बी माझं नाही. हा बी तुझाच कूलर.

नंदलाल : बोलून नोको राहू, उचल. तिकडून धर.

करुणा : धरते ना. पण पाहून त घे. इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याले एकच सांगत आले तुम्ही, गॅरेजमंदी जागा नाही, करुणाचं सामान भरलं हाय. आज उघडून पाह्यलं त माझं त्या कोपऱ्यातलं एवढंसं. बाकी तुझे कूलर, तुझ्या अंकुशच्या मोडक्या सायकली, दुकानातले तराजू, आन गणपतीचं थर्माकोल. चोर सोडून संन्याशाले फाशी.

नंदलाल : अव, तशी बोलाची रीत असते. तुले कोणी बोल नाही लावला.

करुणा : नाही, सामानाले लावला. मी आपली बाजूले बसून ऐकत होती.

नंदलाल : सकाळी सकाळी सुरू नोको होऊ. भंगारवाला येऊन राहिला. त्याच्या आधी सांग, तुझ्यातलं काय ठेवाचं, काय काढाचं.

करुणा : काही ठेवू नोको. तुझी गाडी आत येऊ दे बापा. रोज त्या शेजारच्या लक्ष्मणरावचं ऐका लागते, गल्लीत गाडी काहून लावता म्हणून. काल त माकडं काचेवर बसून वायपर उपटून राहिले होते. घरातलं कोणी उठलं नाही, मीच काठी घेऊन धावली.

नंदलाल : ते होईन गाडीचं.

करुणा : होईन काय, आज संध्याकाळीच लाव. मी तिकडची अर्धी फरशी फिनाईलनं पुसून बी ठेवली. ही अलमारी पाह्य. घाल भंगारात.

नंदलाल : अलमारी राहू दे. चांगली हाय. तिचं प्लास्टिक बी नाही निघालं अजून.

करुणा : कसं निघन? बाबूजीनं काढू देल्लं का? तिरोड्याहून माझं लग्नाचं सामान टेम्पोत परत आलं, त्या दिवशी मी म्हणली होती, बाबूजी, माझे कपडे पेटीत मावत नाही, अलमारी घरात घेऊ द्या. त काय म्हणले होते, याद हाय तुले?

नंदलाल : जुन्या गोष्टी काढून आता काय भेटते?

करुणा : म्हणले, अलमारी घरात घेतली की लोक समजतीन पोरगी कायमची आली. चार दिवस थांब, जावई न्याले येतीन. सामान बांधलेलं राहू दे, तसंच्या तसं वापस पाठवू.

नंदलाल : बापाचा जीव होता तो. आशा होती त्यायले.

करुणा : त्यायच्या आशेपायी मी आजवर पेटीतूनच कपडे काढते. दिवाण इथं सुतळी बांधून उभा, आन मी तिकडं खाली सतरंजीवर. तिरोड्यात त्यानं दुसरी आणली, तिची पोरगी आता कॉलेजात जाते. बाबूजी बी गेले. तरी ती सुतळी कोणी सोडली नाही.

नंदलाल : तूच सोडाची होती. हात धरला होता का कोणी तुझा?

करुणा : शटरची चाबी कोणापाशी राहते भाऊ?

नंदलाल : ...दिवाण धर. भिंतीले लावू.

करुणा : भिंतीले कायले? बाहेर काढ. गाडी आत येईन कशी?

नंदलाल : भिंतीले लावला की अडत नाही.

करुणा : दार उघडणार नाही गाडीचं. अंकुश आधीच धसमुसळा, पहिल्याच दिवशी खरचटून ठेवीन.

नंदलाल : मी सांगून राहिलो ना. त्या झरोक्याच्या बाजूनं लाव.

करुणा : लाव बापा. तुझं गॅरेज, तुझी गाडी. आन हा कूलर वेगळा काहून ठेवला?

नंदलाल : त्याची मोटर चालू हाय. राहू दे.

विमल : ताई, चहा झाकून ठेवलाय हं ओट्यावर. बघा बाई, किती मोकळं झालं. मी यांना म्हणतच होते, ताईंनी मनावर घेतलं की एका दिवसात होतं सगळं.

करुणा : या वहिनी. दूरच उभ्या राहा, धूळ हाय. तुम्ही नागपूरच्या, तुम्हाले सोसत नाही.

विमल : असं काय हो ताई. स्वयंपाकात अडकले होते मी. हा पाण्याचा गुंड तुमचा ना? केवढा जड आहे. आता असं पितळ मिळत नाही.

करुणा : भांड्याचं दुकान तुमचं, आन तुम्हालेच मिळत नाही?

विमल : आता सगळं हलकंच येतं, हेच सांगतात. मी काय म्हणत होते, अंकुशच्या लग्नात रुचिकाच्या माहेरचे येतील, तेव्हा असा एक गुंड पाण्याला ठेवला तर शोभून दिसेल. म्हणजे तुमची हरकत नसेल तर.

करुणा : माझं नाव हाय त्याच्यावर. गळ्यापाशी पाहा. चि. सौ. कां. करुणा.

विमल : ते घासून घेता येईल की.

करुणा : ठोकून टाकलेलं नाव हाय, घासून कसं जाईन? पण न्या. माझं नाव कोण वाचाले बसलं हाय. नवरदेवाची आत्या हाय मी, पोराले काही द्यावंच लागन. आहेर समजा.

विमल : मन मोठं आहे हो तुमचं.

करुणा : मन मोठं नाही वहिनी. ठेवाले जागा नाही.

विमल : अहो, ऐकलंत का, तो लाइटवाला मंगरू आलाय फाटकाशी. विचारतोय, पंख्याचा हूक दिवाणाच्या वर ठोकायचा की मधोमध?

नंदलाल : त्याले थांब म्हण जरासा.

विमल : त्याला दुसऱ्या कामावर जायचंय. लाइटचा बोर्डही आणलाय त्यानं.

नंदलाल : थांब म्हणलं ना त्याले.

करुणा : पंखा कायले भाऊ?

नंदलाल : असाच. हवा पाह्यजे ना आत.

करुणा : गाडीले पंखा लागते?

विमल : म्हणजे? तुम्ही अजून सांगितलं नाही यांना? काल रात्री सांगतो म्हणाला होतात तुम्ही.

करुणा : काय सांगाचं होतं?

नंदलाल : हे पाह्य करुणा, डोकं शांत ठेवून ऐक. वैशाखात लग्न हाय. रुचिका शहरातली पोरगी. तिले खोलीतच बाथरूम लागते. आपल्या घरात तशी खोली एकच हाय.

करुणा : माईची.

नंदलाल : माईची होती. माई गेली आता.

करुणा : माई गेली. मी त त्याच खोलीत झोपून राहिली ना अजून.

नंदलाल : म्हणून त तुझ्यासाठी हे सगळं करून राहिलो. पंखा लावतो, बोर्ड लावतो, कूलर बी चालू असलेला ठेवला. तुझीच अलमारी, तुझाच दिवाण. स्वतःची जागा होईन तुले. कोणाची कटकट नाही, खटखट नाही.

करुणा : आन मी सकाळपासून फिनाईल मारून राहिली. नव्या गाडीले वास नोको म्हणून.

विमल : ताई, थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे. वरचा मजला चढवायचाच आहे आपल्याला. हे अगदी तात्पुरतं.

करुणा : वहिनी, मी ह्या घरात तात्पुरतीच आली होती. बावीस वर्षं झाले.

विमल : मी तुम्हाला कधी वाकडा शब्द बोलले का? सांगा बरं.

करुणा : नाही. तुम्ही गोडच बोलता. पण ते बाथरूम कायले बांधलं होतं, ते बी बोला कधी. माई खाटेवर पडली, रात्री तिले उचलून अंगणाच्या टोकाले नेणं मले एकटीले जमत नव्हतं, म्हणून बांधलं. तिचं सगळं मी केलं. तेव्हा त्या खोलीत कोणी पाय ठेवत नव्हतं. अंकुश दारातूनच विचारे, आजी कशी हाय? वास येते म्हणे. आता त्यालेच ती खोली पाह्यजे. गरज सरो, वैद्य मरो.

नंदलाल : तुले कोणी मर नाही म्हणून राहिलं.

करुणा : ते बी म्हण. तेवढंच राह्यलं.

विमल : मी आत जाते बाई. तुम्ही बहीण-भाऊ बोला काय ते.

करुणा : जा. पण तो गुंड खाली ठेवा.

विमल : आत्ता तर तुम्हीच म्हणालात ना, आहेर म्हणून?

करुणा : आत्ता मले वाटत होतं इथं गाडी येऊन राहिली. ठेवा तो. रात्री पाणी लागन मले. आन नाव घासू नोका. इथं कोण राहते ते कशावर त असू द्या.

विमल : ठेवला. घ्या.

करुणा : आन गाडी कुठं राहीन मंग भाऊ?

नंदलाल : बाहेरच. कव्हर आणलं हाय तिले.

करुणा : लक्ष्मणराव?

नंदलाल : त्यायले जाऊन भेटलो परवा. म्हणलं, लग्नघर हाय, जरा समजून घ्या. मानले ते.

करुणा : शेजाऱ्याले समजवाले गेला. बहिणीले सांगाची लाज वाटली.

नंदलाल : हो, वाटली लाज. कालपासून तीन खेप तुझ्यापाशी येऊन बसलो, तोंडातून शब्द नाही निघाला. झालं समाधान?

करुणा : वाटली ना? बरं झालं. तेवढी त शिल्लक हाय घरात.

नंदलाल : मी काय करू, तूच सांग. पोरगा सरळ म्हणते, खोली नसन त मी नागपुरात राहीन, दुकानाचं तुम्ही पाहा. एकच पोरगा हाय मले. ह्या वयात दुकान कोणाच्या भरोशावर चालवू? कोणाले काढू, कोणाले ठेवू?

करुणा : मले विचारून राहिला?

नंदलाल : हो, तुलेच विचारून राहिलो.

करुणा : हेच काल विचारलं असतं त मीच म्हणली असती, भाऊ, मी जाते गॅरेजमंदी, पोराले खोली दे. अंकुश माझ्या मांडीवर वाढला. त्याच्यासाठी मी अंगणात बी झोपली असती. पण तू विचारलं नाही. तू मलेच आणून माझी जागा झाडाले-पुसाले लावली, आन गाडीचं नाव सांगितलं.

नंदलाल : चुकलं माझं. हात जोडू का?

करुणा : नोको. हातात धूळ हाय तुझ्या.

नंदलाल : ...मंगरूले बोलावू?

करुणा : बोलाव. हूक मधोमध अडकव म्हण, छताच्या लोखंडी पाइपाले. दिवाणाच्या वर नोको.

नंदलाल : बरं. आन टिनावर धानाचं तणस टाकून देऊ आपण, मे महिन्यात तापणार नाही.

करुणा : गाईचा गोठा करते तसं.

नंदलाल : करुणा...

करुणा : टाक. तापते त टाकाच लागन. आन ह्या शटरले आतून कडी नाही.

नंदलाल : शटरले आतून कुठं राहते कडी? वेल्डिंगवाल्याले सांगतो मी. पण आता लगनसराई, मंडपवाल्यायची कामं हायेत त्याच्यापाशी. लग्न झाल्यावरच येईन तो.

करुणा : तोवर?

नंदलाल : तोवर मी हावो ना. तुझं जेवण झालं की मी येऊन बाहेरून कुलूप लावून देत जाईन. घाबराचं काम नाही. चाबी माझ्याच उशाशी राहते.

करुणा : आन सकाळी किती वाजता उघडशील?