धाकट्याचा चार्जर

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक जोडपं दुकानातल्या मुलाशी बोलत होतं. ऐकू नये असं वाटत होतं, पण ऐकलं.

“बाबांनी आम्हा दोघा भावांना एकसारखेच लॅपटॉप घेतले होते. धाकट्याच्या प्रोसेसरचा वेग कायम तीन गिगाहर्ट्झ दिसतो. माझा कधी तीन, कधी एक.”

“एक कधी दिसतो?”

“त्याच्याकडे नेऊन शेजारी ठेवला की.”

“तिथे चार्जर लावता?”

“त्याच्यापुढे चार्जरसाठी हात पसरू?”

“अहो, सख्खा भाऊ आहे.”

“शेंडेफळ आहे. बाबांनी त्यालाच चांगला दिला.”

“काका, जुना लॅपटॉप बॅटरीवर हळू चालतो. हा लावला चार्जर. बघा, तीन.”

“म्हणजे बॅटरीवर त्याचाही एकावर येईल?”

“येणारच.”

“झालं ना समाधान? चला आता घरी.”

“आधी धाकट्याकडे जाऊ. त्याचा चार्जर काढून बघायचाय.”