गाडी बंद पडली नव्हती

धोंडुबाई : फुलं ठिव ती खाली. मी गाडीला वाहणार न्हाय. आधी सांग, गाडी ढकलत का आणलीस?

प्रसेनजीत : आजी, अगं शाहूपुरीच्या शोरूमपासून चालवत आलोय. हायवेला काय पळाली म्हणून सांगू! वडगाव कधी मागं पडलं कळलंसुद्धा नाही. एवढं सगळं सोडून तुला ढकललेलीच दिसली?

धोंडुबाई : मला तेवढीच दिसली. समाजमंदिराच्या कट्ट्यावर सकाळपास्नं हुबी हाय मी. सगळ्या बायका गोळा केल्या, माझा नातू नवी बुलेट घिऊन येतोय, बघा म्हणून. आन् तू आलास कसा? पाटलाच्या दारात खाली उतरलास, हँडल धरलंस, मान खाली घातलीस आन् अडलेला बैल वडत न्यावा तशी गाडी न्यायला लागलास.

प्रसेनजीत : मान नव्हती घातली खाली. एवढं जड धूड ढकलताना माणूस वाकणारच की.

धोंडुबाई : अंबूबाई म्हणाली, नवी गाडी आन् बंद पडली वाटतं. मी म्हटलं, व्हय बाई, बंद पडली. चांगल्या गाडीवर आळ घेतला मी. दुसरं काय सांगू?

प्रसेनजीत : खरं ते सांगायचं. पाटलांच्या घरी संग्रामच्या आबांना अटॅक आलाय, दारात डॉक्टरांची गाडी उभी होती. बुलेटचा आवाज म्हणजे फळीवरची भांडी हलतात. आजारी माणसाच्या दारातनं तसं जायचं? तूच शिकवलंस ना, दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही म्हणून?

धोंडुबाई : संग्रामनं सांगितलं तुला, बंद कर म्हणून?

प्रसेनजीत : नाही.

धोंडुबाई : त्याच्या आईनं? डॉक्टरनं?

प्रसेनजीत : कुणीच नाही. माझं मलाच वाटलं.

धोंडुबाई : हां. तुझ्या आज्यालाबी कुणी सांगितलं न्हवतं.

प्रसेनजीत : आता आजोबा कुठनं आले मध्ये?

धोंडुबाई : त्याच रस्त्यानं आले. वारणेच्या कारखान्यात लागल्यावर ह्यांनी सायकल घेतली. हिरवी, डायनामो लावलेली. रोज पुसायचे, ल्योक असल्यागत. मला कॅरिअरवर बसवून पहिल्यांदा निघालो, तवा तुझा बाप पोटात. पाटलाच्या दाराशी आलो आन् म्हणाले, उतर. म्हटलं, का वं? तर म्हणाले, आत माणसं जेवायला बसल्यात, घंटीचा तरास नको. मला वाटलं, किती समजूतदार मानूस पदरात पडला! पुढच्या खेपेला म्हणाले, चेन ढिली हाय. मग चिखल लई हाय. मग त्यांची म्हातारी झोपलीय. रोज नवं कारण. कारणं संपली तवा मला कळलं.

प्रसेनजीत : काय?

धोंडुबाई : की आपल्या माणसानं त्या दारातनं बसून जायचं नसतं. दवंडी न्हवती पिटली कुणी. थोरला पाटील आन् हा हंबीरराव, संग्रामचा आज्जा, पायरीवर सुपारी कातरत बसायचे. त्यांनी कवा तोंडसुदिक उघडलं न्हाय. गरजच न्हवती. आम्हीच उतरायचो, मान खाली घालून चालायचो.

प्रसेनजीत : पप्पांनी कधी सांगितलं नाही हे.

धोंडुबाई : त्यो कशाला सांगतोय? वारणानगरच्या कॉलनीत राहिला, तुम्हीबी तिथंच वाढलासा. गावाला यायचं ते सणाला आलेल्या पावण्यागत.

प्रसेनजीत : पण आजी, तेव्हाचं तेव्हा. दोन हजार साल उलटून गेलं आता. संग्राम माझा मित्र आहे, एका डब्यात जेवलोय आम्ही कॉलेजला. आणि माझं कारण खरं आहे. माणूस खरंच आजारी आहे.

धोंडुबाई : ह्यांचंबी मला खरंच वाटलं व्हतं.

प्रसेनजीत : मग काय, हॉर्न बडवत जाऊ त्यांच्या दारातनं?

धोंडुबाई : केरबाची बायको दिवाळीपास्नं अंथरुणाला खिळलीय. आपल्याच आळीत. ठावं हाय न्हवं तुला?

प्रसेनजीत : आहे की. मागच्या महिन्यात भेटून आलो.

धोंडुबाई : आज तिच्या दारातनं कसा आलास?

प्रसेनजीत : कसा म्हणजे? गाडीवर बसून.

धोंडुबाई : बसूनच की. पाटलाचं घर सरलं, किक मारलीस आन् धडाधडा आलास. पोरं मागनं पळत्यात, तू दात काढतोयस. केरबा दार लावून घ्यायला उठला.

प्रसेनजीत : लक्षात नाही आलं.

धोंडुबाई : त्या दारात आलं. ह्या दारात न्हाय.

प्रसेनजीत : तू काहीही जोडतेस. सकाळपासून पोटात अन्न नाही माझ्या. हे बघ, मागं हा रुंद फूटबोर्ड लावून घेतला, तुझे पाय लोंबकळू नयेत म्हणून. ही जाळी लुगडं चाकात जाऊ नये म्हणून. ही धरायची दांडी. मित्र हसले मला, बुलेटची पार म्हैस केलीस म्हणाले. म्हटलं, हसा. पहिली फेरी आजीची. आईलासुद्धा बसू दिलं नाही अजून. आणि तू फुलं टाकून भांडत बसलीयस.

धोंडुबाई : बसते की. कुठल्या कुठल्या दारात उतरायचं तेवढं आधी सांगून ठिव.

संग्राम : आज्जी, जय भीम! अगायायाय! प्रसेन, लेका, काय गाडी हाय! काळी कुळकुळीत, आन् टाकीवर ती सोनेरी रेघ… नाद खुळा! ह्या नव्या पोरांच्या प्लॅस्टिकच्या गाड्या हिच्याफुडं खेळणी वाटत्यात. किक मागारी मारती का रं?

प्रसेनजीत : मीटरचा काटा बघून मारली की नाही मारत.

संग्राम : एक राऊंड दे की भावा. पेट्रोल माझं. आज्जी, सांगा की ह्याला.

धोंडुबाई : आज्याला कसं हाय तुझ्या?

संग्राम : बरं हाय. डॉक्टर म्हणालं, धोका टळला. डोळं मिटून पडल्यात, पण कान तिखट हायत अजून! गंमतच झाली. ह्याच्या बुलेटचा आवाज चौकातनं येत आला आन् आमच्या दारात एकदम गप झाला. तसं आबांनी डोळं न उघडताच इचारलं, "कोण उतरलं रं?"

प्रसेनजीत : काय विचारलं?

संग्राम : कोण उतरलं म्हणून. आईला वाटलं, पावणं आल्यात असं वाटलं असंल त्यास्नी. मी म्हटलं, कुणी न्हाय आबा, गणपती मास्तराचा नातू हाय, नवी गाडी ढकलत चाललाय.

धोंडुबाई : मास्तर न्हाय, मिस्त्री. कारखान्यात मिस्त्री व्हते ते.

संग्राम : त्येच की. गणपती मिस्त्री.

धोंडुबाई : मग? काय म्हणाला आज्जा?

संग्राम : काय म्हणायचंय? "बरं" म्हणालं आन् कूस बदलून झोपलं. सकाळपास्नं पहिल्यांदा डोळा लागला. … काय झालं? असं का बघताय दोघंबी? माझं काय चुकलं का?

धोंडुबाई : तुझं काय न्हाय, बाबा. तुझा जल्मबी न्हवता तवा.

प्रसेनजीत : आजी, चपला घाल. पदर खोच नीट.

धोंडुबाई : आत्ता? त्यो मानूस झोपलाय म्हणतोय हा.

प्रसेनजीत : आत्ताच.

संग्राम : आरं मग माझा राऊंड?

प्रसेनजीत : आल्यावर घे, पाहिजे तेवढा. संग्राम, तुमच्या दारातनंच जाणार आहे. गाडी चालू असेल.

संग्राम : जा की! मला कशाला सांगतोस? रस्ता काय आमच्या आज्याचा हाय?

धोंडुबाई : घरी गेल्यावर त्येस्नीच इचार. बरं, हात दे जरा. ह्यो पाय हितं ठेवायचा न्हवं? लई उंच केलीस बाबा. आन् ती फुलं दे, गाडीच्या दिव्यावर ठेवते, मग निघू.

(थोड्या वेळानं. बुलेटवर.)

प्रसेनजीत : दांडी धरलीस का? भीती वाटतीय?

धोंडुबाई : भीती कशाची? ढोलावर बसल्यागत वाटतंय नुसतं. ती बघ अंबूबाई, आ वासून बघतीय. अंबूबाई, बंद पडली न्हवती गं गाडी! मी खोटं बोलले!

प्रसेनजीत : आजी, हलू नको. आळी संपली. पुढचं दार त्यांचं.

धोंडुबाई : ठावं हाय मला. हळू घे. आवाज वाढवू नको, आजारी मानूस हाय.

प्रसेनजीत : हळूच घेतोय.

धोंडुबाई : आजून हळू. … प्रसेन, पाटलाच्या भिंतीआड चिक्कूचं झाड हाय व्हय रं? केवढं थोरलं!

प्रसेनजीत : ते जुनंच आहे की, आजी. आजोबांच्या वेळचं असेल.

धोंडुबाई : असंल. मला आज दिसलं.