मागच्यांनी बघायचं नसतं

मुलगी : आधी तो ब्रश खाली ठेवा, बाबा. मी दवाखान्यातून येतेय.

बाबा : ऐकतोय की. सायकल पुसायला कान लागत नाहीत. काय म्हणतोय आपला बेकरीवाला?

मुलगी : आज पट्टी काढली. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. कप धरता येईल पुढेमागे, म्हणाले डॉक्टर. पीठ मळणं मात्र विसरा म्हणाले.

बाबा : अरेरे. वाईट झालं. मनापासून सांगतो, फार वाईट झालं. भट्टीशिवाय दुसरं काही येत नाही त्या माणसाला. आणि सायकल येते, तीही अर्धवट.

मुलगी : अर्धवट?

बाबा : मग काय! माझ्यामागे चाक लावलंस ना, मग चिकटून राहा. मी चौक ओलांडला तेव्हा हा कुठे होता? मागे रेंगाळत. पडलं अंतर, आणि त्या अंतरात घुसला टँकर. वीतभर अंतर ठेव, वीतभर, सांगून सांगून घसा बसला माझा.

मुलगी : तोही तेच म्हणतो. म्हणतो, चूक माझीच, मी उशिरा निघालो.

बाबा : बघ! माणूस सरळ आहे. कबूल करतो.

मुलगी : त्याची बायको आज माझ्यासमोर त्याला बोलत होती. तुमच्या एका ढिलाईपायी दुकान बसलं म्हणून. आणि हा मान खाली घालून ऐकत होता, बाबा.

बाबा : राग शांत झाला की येईल ती ताळ्यावर. चहा घेतेस? तुझी आई शेजारी गेलेली दिसते, घर कसं शांत आहे बघ. नाहीतर तू आलीस की तिची टकळी सुरू होते.

मुलगी : शेजारी?

बाबा : काय गं? अशी काय बघतेस?

मुलगी : काही नाही. चहा नको. बाबा, त्या दिवशी मी शेवटी होते. सगळ्यांच्या मागे, कुणी सुटू नये म्हणून.

बाबा : माहीत आहे. मीच ठेवलं होतं तुला तिथे.

मुलगी : मला तिथून टँकर दिसला. दुधाचा, दिवे लावलेला. डावीकडून येत होता. लांब होता, तरी दिसत होता. आणि तुम्ही ओरडलात, "मोकळं!"

बाबा : कारण मोकळं होतं.

मुलगी : नव्हतं.

बाबा : हे बघ पोरी, मागून पुष्कळ दिसतं, आणि घडून गेल्यावर तर सगळंच दिसतं. मी तिथे होतो, पुढे. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग ओरडलो. तुझ्या जन्माच्या आधीपासून या क्लबला मी चौक पार करून देतोय. एकाला ओरखडा आला नाही कधी. शर्यतीत पडलो असेन, शर्यतीत सगळेच पडतात. पण माझ्या मागून येणाऱ्याला रस्त्यावर काही झालं? सांग ना. झालं?

मुलगी : नाही झालं. म्हणून तर कुणी बघत नाही.

बाबा : बघायचंच नसतं! पुढचा मोकळं म्हणाला की मागच्यांनी बघायचं नसतं. एक मान वळवतो, दुसरा ब्रेक दाबतो, तिसरा त्याच्यावर चढतो, की झाला पसारा. मी शिकवलंय तुम्हाला हे. तू एवढीशी होतीस, दोन वेण्या घालून यायचीस, तेव्हापासून.

मुलगी : आठवतं. मी पहिली शर्यत जिंकले तीसुद्धा तुमच्या चाकामागे शिकूनच. समोर फक्त तुमचं चाक दिसायचं, आणि तेवढं पुरायचं. बेकरीवाल्यालाही तेवढंच पुरलं, बाबा. तो रेंगाळला नव्हता. तो तुमच्या मागे वीतभरच होता. त्याच्या मागे मोकळी जागा होती, पुढे नाही.

बाबा : म्हणजे मी खोटं बोलतोय?

मुलगी : नाही. तेच तर मला कळत नव्हतं. तुम्ही खोटं बोलणाऱ्यातले नाही.

बाबा : मग आता काय कळलं?

मुलगी : सायकल पुसून झाली?

बाबा : विषय बदलू नकोस.

मुलगी : नाही बदलत. झाली का?

बाबा : झाली. लख्ख. तोंड बघून घे त्यात. रविवारी निघायचंय. क्लबातले ते सुतार आणि दाताचे डॉक्टर दोघं बावरलेत, त्यांना परत सायकलवर बसवायला कुणीतरी पुढे हवं ना?

मुलगी : मागच्या चाकाला चिखल आहे.

बाबा : कुठे?

मुलगी : सगळीकडे. पुढचं चाक चमकतंय, हँडल चमकतंय, आणि सीटच्या मागे, तुमच्या डाव्या हाताकडे, गेल्या महिन्याचा चिखल जसाच्या तसा वाळलाय.

बाबा : असेल एखादा डाग.

मुलगी : डाग नाही, बाबा. अर्धी सायकल.

बाबा : तू आज भांडायलाच आली आहेस.

मुलगी : एक विचारू? या खोलीत आत्ता कोण कोण आहे?

बाबा : हा काय पोरखेळ लावलाय?

मुलगी : सांगा ना.

बाबा : तू. मी. ही सायकल. झालं समाधान?

मुलगी : आणखी?

बाबा : आणखी कोण असणार! तुझी आई असती तर एव्हाना मला चार शब्द ऐकवून मोकळी झाली असती.

आई : मी इथेच आहे हो.

(बाबा आवाजाच्या दिशेने मान वळवतात, आणखी वळवतात.)

बाबा : तू... तू कधी आलीस?

आई : कुठून येऊ? ही यायच्या आधीपासून बसलेय इथे, तुमच्या डाव्या हाताला, कपड्यांच्या घड्या घालत. तुम्ही मला शेजारी पाठवलंत तेव्हाच ओ देणार होते. हिने खुणेनं गप्प केलं.

मुलगी : मला खात्री करायची होती, आई.

आई : झाली ना? मला खात्री करायची गरज नव्हती.

मुलगी : म्हणजे?

आई : म्हणजे काय सांगू. जेवताना ताटातलं डावीकडचं तसंच राहायला लागलं. मी म्हटलं आवडलं नसेल. मग एकदा ताट जरा फिरवलं, तर सगळं खाल्लं यांनी, वर म्हणाले, आज काय, मुद्दाम वाढलंस वाटतं? मग रोजच फिरवायला लागले. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, म्हणून त्या बाजूचं कपाट सरकवलं. पाण्याचा तांब्या उजवीकडे. जेवताना माझी खुर्ची उजवीकडे. वय झालंय, म्हटलं, होतं असं. त्यात बोलून कशाला दाखवायचं? आयुष्यभर लोकांच्या पुढे राहिलेला माणूस. त्याला घरातच कुणी सांगायचं का, की तुम्हाला दिसत नाही म्हणून?

मुलगी : तुला माहीत होतं. आणि तू यांना दर रविवारी जाऊ दिलंस. पुढे!

आई : ओरडू नकोस.

मुलगी : का नको? तू इथे ताट फिरवत बसलीस आणि तिकडे त्या माणसाचा हात गेला!

आई : रस्ता काही मला फिरवता येत नव्हता गं. दर रविवारी हे परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. यांना काही होईल, एवढीच भीती होती. यांच्या मागे माणसं असतात, हे माझ्या डोक्यात आलंच नाही बघ. एकदाही नाही. त्या बाईला मी काय तोंड दाखवू आता?

बाबा : दोघी गप्प बसा जरा. पोरी, इकडे ये. समोर उभी राहा. हात वर कर. आता डावीकडे ने, हळू. हळू म्हणतोय ना!

मुलगी : हळूच नेतेय, बाबा.

बाबा : थांब. बोटं हलव.

मुलगी : हलवतेय.

बाबा : हलवतेस?

मुलगी : हो.

बाबा : मला वाटायचं, न दिसणं म्हणजे अंधार. काळं काहीतरी. म्हणजे माणसाला कळेल तरी, की इथे पडदा आहे. तिथे काहीच नाही गं. काळं नाही, पांढरं नाही. हात संपतो, आणि त्याच्यापुढे काही असायला हवं असं वाटतच नाही. त्या दिवशीही असंच होतं. मी मान वळवली. अगदी वळवली. रस्ता होता, झाडं होती, आणि काही कमी आहे असं वाटलं नाही.

मुलगी : कदाचित मेंदूत कुठेतरी रक्त अडलं असेल, बाबा. उद्या सकाळी जाऊ. मी मोठ्या दवाखान्यात बोलून ठेवते.

बाबा : जाऊ. कधीपासून चाललंय हे?

आई : उन्हं तापायला लागली तेव्हापासून.

बाबा : तेव्हापासून मी पुढे आहे. घाटातून उतरताना, पुलावर, त्या शाळेच्या चौकात. आणि मागे ही सगळी, माना खाली घालून. दाताचा डॉक्टर, त्याची ती लहान मुलगी. अरे देवा. मी मोकळं मोकळं ओरडत होतो.

मुलगी : तुम्हाला माहीत नव्हतं.

बाबा : नव्हतं. पण त्याला "अर्धवट" म्हणताना माझी जीभ अडखळली नाही. सगळ्या क्लबला सांगितलं मी, तो रेंगाळला म्हणून. दाताच्या डॉक्टरांना सांगितलं. त्याच्या बायकोला फोनवर मीच सांगितलं. मनापासून सांगितलं. आणि तो मान्य करून बसला! त्याला स्वतःला आठवत असेल ना, की तो माझ्या चाकाला चिकटून होता?

मुलगी : आठवतं त्याला. मी विचारलं आज, बायको बाहेर गेल्यावर. म्हणाला, मलाही वाटतं मी जवळच होतो, पण कप्तान म्हणाले रेंगाळलास, म्हणजे रेंगाळलो असेन. ते चुकत नाहीत.

बाबा : असं म्हणाला?

मुलगी : हो. आणि विचारत होता, कप्तान अजून रागावलेत का? भेटायला आले नाहीत.

बाबा : मग तू काय सांगितलंस?

मुलगी : त्याची उशी सरळ केली आणि उठले.

आई : पाणी देऊ का?

बाबा : नको. रविवारी पुढे कोण राहील?

मुलगी : रविवारचं रविवारी बघू.

बाबा : नाही, आत्ता सांग. तू राहा. आणि त्यांना सांग, सगळ्यांनी बघायचं. प्रत्येक चौकात, प्रत्येकाने, स्वतःच्या डोळ्यांनी. वेग मेला तरी चालेल. माझं नाव घेऊन सांग. का, तेही सांग, लपवू नकोस.

मुलगी : सांगेन.

बाबा : आणि ही सायकल ने तुझ्याकडे. इथे समोर राहिली तर मी बसेन तिच्यावर. मला माहीत आहे, मी बसेन.

मुलगी : नेते, बाबा. रडू नका.

बाबा : रडायचं नाही तर काय करायचं? दुसरं काय येतं मला! त्याची भट्टी गेली आणि माझा रस्ता. त्याची मी घालवली, माझा कुणी घालवला नाही, एवढाच काय तो फरक. दवाखान्यात भेटायची वेळ काय आहे?

मुलगी : अजून आहे तासभर. पण आज नको. आज तुम्ही...

बाबा : आजच. उद्या डॉक्टर मला काहीबाही नाव सांगेल, आजाराचं, आणि मग मी त्या नावाच्या आड लपेन. आज त्याच्या बायकोसमोर सांगायचंय मला. ती असते ना यावेळी?

मुलगी : असते.

बाबा : मग चल. अगं, तूही येतेस?

आई : येते तर. मलाही तिच्याशी बोलायचंय. हात द्या.

बाबा : या बाजूला ये. तिकडून चाललीस तर मला दिसत नाहीस.

आई : मी बोलत राहीन.