पुंडलिकरावांचं हसू

नाई भाऊ, सत्कार कराचा तं इथंच घरी करा — स्टेजवर आमच्या यायले नाई नेता येत. बसा ना. आतल्या खोलीत झोपले हायेत पुंडलिकराव, म्हणून हळू बोलून राहिली मी.

आपल्या भागातले पयले कॉमेडी पिक्चरवाले, म्हणता — असतीन. मले इतलंच मालूम का लग्नाची शूटिंग कराचे हे, अख्ख्या पांढुर्ण्यात. एकदा बोरगावले नवरदेव घोड्यावरून पडला अन् घोडा घुसला पंगतीत. ते यायनं कापलंच नाई, कॅसेटीत राहू देलं. नवरीचा बाप भांडाले आला — मंग तोच पाहून हसत बसला. तिथून यायच्या डोक्यात भरलं, आपल्या बोलीत हसवाचे पिक्चर काढाचे. हिरो कोण, तं कापसाच्या जिनिंगमधला हमाल. हिरोईन कोणी भेटेच ना — मंग मीच. पोस्टरवर छापलं, कुमारी मालती — अन् कडेवर पोरगी. संत्र्याच्या बगीचात लग्नाचा शालू नेसून झाडावर चढवलं मले. सौंसर, लोधीखेडा, लय दूर दूर पिक्चरच्या सीड्या जात. बसस्टँडवर लोक यायले पाहूनच हसत, काई बोलाच्या आंधीच.

मंग मोबाईल आले. पोट्ट्यायनं सगळे पिक्चर फुकट टाकले, सीडी कोण घेते मंग? दुकान बंद झालं. तरी हे रागावले नाई — म्हणत, पाहून तं राहिले ना लोकं.

मागच्या उन्हाळ्यात लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. राहिलं काय — तं हसणं. कवाबी येते, जेवता जेवता, आंघोळ घालून देताना. डाक्टर म्हणे डोक्यातल्या नसेचं हाय, यायच्या हातात नाई ते.

काय म्हणता — स्टेजवर हसले तं बरंच? लोकायले आवडन?

भाऊ, आमची डिंपल — एकच पोरगी — जाम नदीच्या पल्याड सावरगावले देली. दिवाळीच्या आंधी जावई गेला. मोटारसायकल घसरली. यायले नका नेऊ म्हणत होते सगळे, मी नेलं. बापानं नसाचं का पोरीजवळ? अंगणात जावयाले ठेवलं होतं. डिंपलनं यायच्या गळ्यात हात टाकला — अन् यायले सुटलं. सगळं अंगण पाहून राहिलं, अन् हे हसून राहिले. डोळ्यातून पाणी, पण तोंडावर हसू. डिंपलचा दीर म्हणे, घेऊन जा यायले. तिनं हात काढून घेतला. तवापासून पूल ओलांडून नाई आली ती. डाक्टरचं सांगतलं मी, किती डाव सांगतलं. म्हणते, आई, बाबाचं हसू मी वळखते — पिक्चर पाहून हसत, तेच होतं.

तेच होतं भाऊ. खोटं कसं बोलू मी? नसेचं हसू वेगळं दिसलं असतं तं दाखवलं असतं तिले. मलेच कवा कवा वाटते का यायले खरंच — नाई, जाऊ द्या ते. तुमी शूटिंग कराल, मोबाईलवर टाकाल, ते डिंपल पाहीन —

थांबा. आलं ऐकू? उठले हे. नाई, तुमी आत नका येऊ. तुमी हसाल. सगळेच हसतात, यायचं हसू पाहून माणसाले रायवतच नाई — मलेबी नाई रायवत. जा तुमी. दार ओढून घ्या.