कोणाला लागतं का हे?

मुलगी : बसलं, काका! बसलं एकदाचं.

काका : बसलं? काल तर उतू जात होतं. झोपेत चिपचं पोट सुटलं की काय?

मुलगी : थोडी काटछाट केली.

काका : कुठे? या बूटलोडरमध्ये काटायला उरलंय काय? मशीनला जागं करणारा एवढासा प्रोग्रॅम, आणि तुझ्या बापाने तो असा ठासून भरलाय की टाचणी टोचायला जागा नाही. असला चिक्कू माणूस, जागा वाचावी म्हणून सही करताना आडनाव गाळायचा. हे गृहस्थ नक्की कोण, म्हणून बँकेतले लोक घरी येऊन चेहरा बघून जायचे.

मुलगी : काका, थापा नंतर. तुम्ही फक्त हो म्हणा. आईच्या मशीनवर आजच चढवते.

काका : आधी कॉन्फिग उघड, काय आत काय बाहेर ती यादी. बघू. झिजेवरचा उपाय, चालू. बरोबर. 'सुटका'... बंद? पोरी, 'सुटका'समोरची खूण कोणी काढली?

मुलगी : मी.

काका : आणि 'आवाज' चालू ठेवलास.

मुलगी : आईच्या मशीनपुरताच. बाकी सगळ्यांना नेहमीचंच जाईल.

काका : नवा प्रोग्रॅम बिघडला तर मशीन जुन्या प्रतीवर परत येतं, ती ही वाट. तीच बुजवलीस? श्वासाचं मशीन आहे ते, खेळण्यातली गाडी नव्हे. उद्या कुठे अडलं, तर वहिनींच्या तोंडावर नुसता मास्क राहील.

मुलगी : नाही अडणार. मी स्वतः तपासेन.

काका : एका मशीनसाठी वेगळं मिश्रण, आणि तपासणारी तू एकटी! असलंच काही करताना तुझ्या बापाने मला पकडलं होतं एकदा. पुढे कितीतरी दिवस मला 'वैदूबुवा' म्हणायचा. दर रोग्याला वेगळी पुडी.

मुलगी : मग मी काय करू? उपाय घातला नाही तर मशीन एक दिवस उठणारच नाही. घातला तर बाबांचा आवाज मावत नाही.

काका : वहिनींचंच मशीन एवढं झिजलं कसं, ते सांग आधी. सुरू होताना ते दर वेळी चिपमध्ये एकाच जागी नोंद करतं आणि ती जागा झिजते, कबूल. पण माणूस रात्री सुरू करतो, सकाळी बंद करतो. यांच्या नोंदी बघितल्या तर वाटतं, घरात एखादं भूत बटणाशी खेळतंय. वीजवाला पाठवला. त्याने अर्धी भिंत उकरली आणि तुमच्या वायरी माझ्या नशिबापेक्षा सरळ आहेत, असं सांगून गेला.

मुलगी : वायरीचा दोष नाही.

काका : मग?

मुलगी : मागे एकदा दुपारी घरी गेले होते. दार नुसतं लोटलेलं. आई पलंगावर बसलेली, मास्क मांडीवर. तिने बटण बंद केलं. जरा थांबली. चालू केलं. मशीनमधून बाबा म्हणाले, "थांबा हं, उठतोय." ती म्हणाली, "उठा, घाई नाही." आणि पुन्हा बंद केलं.

काका : अरे देवा.

मुलगी : ऐकून ऐकून झिजवलंय तिने, काका.

काका : तेव्हाची मशीनं उठायला फार वेळ घ्यायची, गं. पेशंट घाबरायचे, मेलं की काय म्हणून. तुझा बाप म्हणाला, अंधारात माणसाला काहीतरी सांगायला हवं. बाहेरून आवाज आणायला साहेब तयार नव्हते. मग हाच आवाज भरायला सामानाच्या कपाटात शिरला, चारी बाजूंनी चादरी टांगून. त्यात सर्दी अशी, की हा शिंकला की खालच्या मजल्यावर लोक छत्र्या उघडायचे. नाकातून बोललाय बघ.

मुलगी : आईला तेच आवडतं. म्हणते, खरे असेच होते.

काका : आता मशीन झटक्यात उठतं, दिवा लागतो. आवाजाची कोणाला गरज नाही. परवा ऑफिसात तो पर्याय बंद करायच्या आधी मी तुझ्या बापाच्याच रीतीने विचारलं होतं. खोलीच्या मधोमध उभं राहून, "कोणाला लागतं का हे?" एकाने जरी हात वर केला असता, तरी ठेवला असता. तू कोपऱ्यात तर बसली होतीस.

मुलगी : लाज वाटली. हात वर करून काय सांगणार होते सगळ्यांना?

काका : ज्याला लागतं त्यालाच विचारलं नाही, म्हणजे मी विचारलंच नाही म्हणायचं. चल, घरी जाऊ.

मुलगी : आईला विचारायचं? नको, काका. मी बघितलं हे कळेल तिला.

काका : कळू दे. बापाचा आवाज की आईचा श्वास, हे तू आणि मी इथे चहा पिता पिता ठरवायचं? ऊठ.

(आईची खोली. मशीन पलंगाशेजारच्या टेबलावर.)

आई : भाऊजी, तुम्ही आणि ही, दोघं मिळून आलात. म्हणजे मशीनचं काहीतरी आहे, नाहीतर माझं.

काका : मशीनचं, वहिनी. तुम्ही ठणठणीत आहात.

आई : थाप मारताना तुम्ही डावीकडे बघता. हे म्हणायचे. बोला.

काका : असं बघा. प्रवासाला निघताना बॅग भरतो ना आपण? काय न्यायचं, काय नाही, ते घरीच ठरवायचं. एकदा चेन लावली की रस्त्यात काही कोंबता येत नाही. या मशीनच्या पोटात तशीच एक बॅग आहे. लहान. त्यात आता एक औषध घालायचंच आहे, नाहीतर मशीन एखाद्या रात्री सुरू व्हायचं नाही. आणि औषध घातलं की आपल्या माणसाचा आवाज त्यात मावत नाही.

आई : हं.

मुलगी : मी फोनवर घेऊन देते, आई. हवा तेव्हा ऐक.

आई : दिला होतास की मागे एक. फोनमध्ये ते बोलून गेलेले आहेत. इथे मी बटण दाबते, मग ते बोलतात. तुला नाही कळायचा फरक.

मुलगी : कळतो. बघितलं मी.

आई : माहीत आहे. तुझी चप्पल दिसली होती दाराच्या फटीतून.

मुलगी : मग बोलली का नाहीस?

आई : काय बोलू? म्हातारी बटणाशी बोलते, म्हणून? भाऊजी, हिने काही शक्कल काढली असेलच.

काका : काढलीय ना. बॅगेतलं दुसरं एक औषध बाहेर काढून तिथे बापाचा फोटो भरलाय.

आई : बापावर गेलीय.

काका : बाप असता तर हिच्या पाठीत धपाटा घातला असता, वहिनी.

मुलगी : आई, धोका फार थोडा आहे. मी रोज लक्ष ठेवीन. खरंच ठेवीन.

आई : ठेवतेसच की. रोज झोपायच्या आधी माझ्या दाराला कान लावून उभी राहतेस, मशीन चालतंय का ऐकायला. तुला वाटतं, मला कळत नाही. मी ऐकतेय त्यांना, तू ऐकतेयस मला. आणि मशीन बिचारं दोघींच्या मधे झिजतंय.

मुलगी : आई...

आई : भाऊजी, तुमच्याकडे विचारायची पद्धत आहे ना? हे घरी येऊन सांगायचे. आज कोणी हात वर केला, कोणी नाही.

काका : तेच विचारायला आलोय. लागतं का हे, वहिनी?

आई : लागतं. फार लागतं. काढा.

मुलगी : आज नको. उद्या करू. आज ऐक हवं तेवढं.

आई : उद्या मी नाही म्हणेन. काढा, भाऊजी.

काका : पोरी, वायर जोड. 'सुटका' चालू कर. 'आवाज'... दे इकडे, मी करतो. त्याचा हात धरून मीच कपाटात ढकललं होतं त्याला.

मुलगी : चढतंय.

आई : दुखत तर नाही ना त्याला?

काका : मशीनला? नाही.

मुलगी : झालं. दाब बटण, आई.

आई : लागलं?

मुलगी : हो. हिरवा दिवा बघ.

आई : किती पटकन. भाऊजी, सांगा की एखादी थाप.

काका : सुचत नाही, वहिनी.

आई : असू दे. बसा, चहा टाकते. आणि तू गं, डोळे पूस. एक कर फक्त माझ्यासाठी.

मुलगी : काय?

आई : मी हाक मारली की नुसती येऊन उभी राहतेस दारात. तसं नको करूस आता. ओ देत जा.