पानांची भिंत

विनिता : खुरपं खाली ठेवा आदी. त्या भितीला आता हात लावायचा नाय.

गजानन : अर्धी तर खरवडून झाली. उरलेली पन काडतो, म्हंजे विषय मिटला.

विनिता : ड्युटीवरनं आत्ता येतेय मी. चपला पन काडल्या नायत अजून. आन दारातनं बघते तर माजी कागदाची पानं जमिनीवर चोळामोळा! कुनाला इचारलंत?

गजानन : तू चिकटवलीस तवा मला इचारलं होतंस?

विनिता : इचारलं होतं. तुमी मोबाईलवर मॅच बघत होता. "कर काय करायचं ते" म्हनलात.

गजानन : मला वाटलं रंग मारशील. आकाशी, नायतर पिस्ता. मला काय म्हाईत, भाताची पोती पडवीत टाकून माजघराचं जंगल करशील!

अक्षदा : जंगल नाही पप्पा, ट्रॉपिकल म्हणतात त्याला. आई नि मी सुट्टीचे दिवस घालवलेत त्या भिंतीवर. फुगा राहू नये म्हणून एकेक पान पट्टीनं दाबलंय. आणि तुम्ही खुरप्यानं...

गजानन : तू मधी बोलू नको गं. ट्रॉपिकल म्हने! मागचं दार उघड. केळी हायत, बांबूचं बेट हाय, पपई हाय. पोशीरसारख्या गावात राहून भितीवर कागदाची पानं लावायला आपन काय मुंबईवाले हाव?

विनिता : त्या केळीला पानी कोन घालतं? बांबूचा पाला कोन झाडतं? तिथं घोनस निघाली तवा तुमी खाटेवर पाय घेऊन बसलेलात, काठी घेऊन मी गेले. बाहेरचं झाड बघितलं की मला काम दिसतं. ही पानं माज्याकडं काय मागत नायत. नुसती बघायची. म्हनून लावली.

गजानन : रिसॉर्टनं डोकं फिरवलंय तुजं.

विनिता : हा, फिरवलंय! इतकी वर्सं तिथल्या डायनिंगमधी लोकांच्या फुडं ताटं ठेवते मी. असीच पानांची भित, हितं आनल्यात तसल्याच वेताच्या खुर्च्या, वर असाच उलट्या टोपलीसारखा दिवा. बाया येतात, निवांत बसतात, पपईची एक फोड किती वेळ खातात. त्यांना कुनी म्हनत नाय, ऊठ, पानी आन. कुनी म्हनत नाय, आदी बाप्यांना वाढ. आन घरी मी कुठं जेवते?

गजानन : जेवतेस की. उपाशी ठेवलंय का कुनी?

विनिता : कुठं जेवते, ते इचारलं मी.

अक्षदा : ओट्याशी. उभ्यानं.

गजानन : तुला बोललो ना, मधी...

अक्षदा : बोलणार. लहानपणापासून बघतेय. तुम्ही हात धुवून उठलात की ती टोपातलं उरलेलं खाते. तेही टोपातच, ताटात घेत नाही.

गजानन : दोगी मिळून मलाच फाडून खा आता. काल दादा येऊन गेला, काय बोलला म्हाईत हाय?

विनिता : तरीच! मोठ्या भावानं सांगितलं नि तुमी खुरपं घेतलंत.

गजानन : दारात उभा राहून हसला तो. बरोबर दोन मानसं होती. म्हनाला, "गजा, बायको हाटेलात ताटं उचलते, तेचा बोर्डच लावलास की भितीवर. रविवारी साजगावची मानसं पोरीला बघायला येतील, ती काय म्हनतील?"

अक्षदा : काही म्हणणार नाहीत. आई कुठे काम करते ते त्या मुलाला, साईराजला, मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. या खोलीचा फोटोसुद्धा पाठवलाय. त्याच्या आईनं विचारलं, दिवा कुठून आणला.

गजानन : फोटो पाठवलास? मला न इचारता?

विनिता : तुमची कंपनी बंद पडली, तुमी वर्सभर घरी होता, तवा ह्याच हातांनी उचललेल्या ताटांवर चूल पेटली. तवा दादा नाय हसले. तवा येऊन जेवून जायचे.

गजानन : बास कर.

विनिता : नाय करनार. आन दादांचं नाव फुडं करू नका. दादा काल बोलले. काल तुमी गप होता, रात्री जेवून झोपलात. आज सकाळी काय झालं?

गजानन : काय नाय.

विनिता : बोला.

गजानन : तू बसली होतीस इथं. ड्युटीच्या आदी. एकटीच, दिवा लावून. चहात बेकरीतलं बटर बुडवून खात होतीस. भितीकडं बघून हसत होतीस. मी ह्या दारात उभा होतो. तुला दिसलोच नाय.

विनिता : मग?

गजानन : मग काय... माज्याकडं बघून असी कदी हसलीस तू?

विनिता : म्हनून फाडलीत?

गजानन : त्या खुर्च्यांवर बसलो तर माजे पाय जमिनीला टेकत नायत. तुमी दोगी बसता, काय काय बोलता, हसता. मी आलो की गप. मी कुठं बसायचं, ते कुनी ठरवलंय का ह्या खोलीत?

विनिता : हे तोंडानं बोलायचं होतं. खुरप्यानं नाय.

गजानन : आता बोललो ना!

विनिता : बोललात म्हनून माजा राग विझला असं समजू नका. तुमाला वाईट वाटलं ते ऐकलं मी. पन मला आयुष्यात एक भित आवडली, ती तुमी सोलून काडलीत. आज नाय विझायचा हा राग. उद्या पन नाय.

अक्षदा : आई, कर्जतच्या दुकानात ह्याच डिझाईनचा रोल असेल अजून. रविवारच्या आत लावून टाकू.

विनिता : नको. राहू दे असीच. मानसं इथंच बसतील. कुनी इचारलं तर तुजे पप्पा सांगतील, मी खरवडली म्हनून.

गजानन : दादासमोर?

विनिता : दादासमोर. आन आता मला भूक लागलीय. सकाळपास्नं उभी हाय मी. अक्षदा, तू पन बस. मी सांगेपर्यंत उठायचं नाय.

गजानन : दोगी बसलात, मग वाढनार कोन?

विनिता : तुमी. भात कुकरमधी हाय. आमटी गरम करा.

गजानन : मी?

विनिता : तुमी.

गजानन : ...बरं. बसा.

अक्षदा : आई, गेले गं खरंच.

विनिता : जाऊ दे.

गजानन : (स्वयंपाकघरातून) अगं, आमटी अळनी लागतेय. मीठ कुठं असतं आपल्याकडं?

अक्षदा : पप्पा, ते वरच्या...

विनिता : तू गप बस. शोधू दे त्यांना.