बॅटरी बसली

(जबलपूर. खमरियाजवळचं घर, मागची शेड. जानेवारीतली दुपार. रत्नाकर खुर्चीत, त्यांची पुण्याची सून समिधा ट्रेलरच्या दारात, हातात पाना.)

रत्नाकर : आधी लाल वायर. काळीला हात नको लावू.

समिधा : बाबा, काढताना तुम्ही आधी काळी म्हणाला होतात.

रत्नाकर : काढताना काळी आधी, लावताना लाल आधी. उलटं केलं अन् पाना कुठं टेकला, की ठिणगी उडते. ते टोकावरचं पांढरं पुसलं का?

समिधा : गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घेऊन घासलं. तिथे एक जुना टूथब्रश होता. म्हणजे मला तरी तो जुना वाटला.

रत्नाकर : निळा?

समिधा : निळा.

रत्नाकर : झालं. प्रतिमा सिविल लाइंसहून औषधं घेऊन आली, की तूच सांग तिला. मी नाही सांगत बाप्पा.

समिधा : नवा आणून देईन आईंना. पाणीही घातलंय. डिस्टिल्डच, आणि प्लेटा बुडतील एवढंच. काठोकाठ नाही.

रत्नाकर : महिन्याआधी तुला पान्याचा नंबर माहीत नव्हता. आज मला शिकवून राहिली.

समिधा : तुमचा उजवा हात उचलत नाही, तोवर माझे दोन वापरा. केतनची अट आहे ना. संक्रांतीपर्यंत बॅटरी जिवंत राहिली तर ट्रेलर ठेवायचा, नाही तर विकायचा. संक्रांत आलीच आता.

रत्नाकर : अट! हॉस्पिटलात घातली त्यानं. माझं तोंड वाकडं झालेलं, नाही म्हणायला जीभ वळेना. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर या हातानं वेल्डिंग करून बनवला मी हा. दोन पलंग, ओटा, पंखा. जीपच्या मागं लावला की मी अन् प्रतिमा निघालो. या फेब्रुवारीत अमरकंटकला जायचं ठरलं होतं. दिवाळीत हात गेला, अन् पोरगा म्हणते, बाबा, काढून टाकू.

समिधा : त्या गडबडीत काळी वायर लागलेलीच राहिली. घड्याळ आणि गॅसचा अलार्म, दोघं मिळून बॅटरी पीत बसले.

रत्नाकर : हिवाळ्यात गाडी उभी ठेवायची तर काळी काढूनच ठेवावी लागते. आज दिवा पाहून घेऊ, मग पुन्हा काढ. महिन्यातून एकदा चार्जिंग. बस, एवढंच मागते ती. मीटर काय म्हणते?

समिधा : बारा पॉइंट सहा.

रत्नाकर : अच्छा! पोट भरलं तिचं. दिवा लाव.

समिधा : लागला! बाबा, पंखाही फिरतोय. थांबा, केतनचा फोन. स्पीकरवर टाकते, हात काळे झालेत.

केतन : समिधा, शेडची किल्ली बाहेर काढून ठेव. पनागरहून एक माणूस चार वाजता येऊन राहिला. ट्रेलर घेऊन जाईल.

समिधा : कुठे घेऊन जाईल?

केतन : त्याच्या घरी. काल बोलणं झालं माझं. दिला त्याला.

समिधा : केतन, अट काय होती?

केतन : अटीप्रमाणेच तर चाललंय. तूच मेसेज टाकला ना काल, ‘बॅटरी बसली एकदाची.’

समिधा : हो, बसली! घरात चार्ज केली, उचलून आणली, ट्रेमध्ये जाईना. तासभर खटपट केली, तेव्हा कुठे बसली.

केतन : बसली म्हणजे... मेली ना?

समिधा : बसली म्हणजे मेली? कुठल्या मराठीत?

रत्नाकर : आमच्या. इथं बैटरी बैठ गई म्हणजे संपली. तू पुण्याची ‘बसली’ लिहिली, यानं खमरियाची वाचली.

समिधा : अहो, पण तुम्हालाही मी हेच म्हणाले होते काल!

रत्नाकर : मला समोर दिसून राहिलं होतं ना. दोन्ही गुडघे टेकवून दाबत होतीस तिला.

केतन : चलो, गलतफहमी झाली. पण बाबा, खरं सांगू? तो मेसेज वाचून मला बरं वाटलं.

रत्नाकर : ऐकून राहिलो मी. बोल.

केतन : तुमच्यानं ग्लास धरवत नाही. अमरकंटकच्या घाटात जीप कोण सांभाळेल? दिवाळीत आईचा फोन आला, विमानात बसलो, तेव्हा मला माहीत नव्हतं तुम्ही दिसाल की नाही. पुन्हा तसा फोन नको मला. अन् तोही कुठल्या जंगलातून.

रत्नाकर : तू घाबरला, बरोबर आहे. मी पण घाबरतो. सकाळी डोळे उघडले की आधी पाहतो, बोटं हलतात का. रोज तेच. पण इथं शेडमध्ये आलो की बोटं विसरतो, मीटर पाहतो. हा ट्रेलर गेला, तर मी दिवसभर बोटंच पाहत बसू का?

समिधा : केतन, त्या पनागरच्या माणसाला नाही म्हणून कळव. आत्ताच्या आत्ता.

केतन : शब्द दिला मी त्याला.

समिधा : बाबांना त्याच्या आधी दिला होतास.

केतन : अन् जीप? जीप कोण चालवणार?

समिधा : मी.

केतन : तू? मागं ट्रेलर लावून?

समिधा : रोज सकाळी मोकळ्या रस्त्यावर सराव करीन. बाबा शेजारी बसून ओरडतील. फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे. मला पानाही येत नव्हता, आला की नाही?

केतन : अगं, रिव्हर्समध्ये स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उलटा, उजवीकडे जाते. भल्याभल्यांचा गोंधळ होते. बाबा, तुम्ही समजवा ना हिला.

रत्नाकर : काय समजवू? मी जाणार. हात आला तर हातानं, नाही आला तर हिच्या भरवशावर. पण जाणार.

समिधा : ऐकलंस?

केतन : ऐकलं. सांगतो त्याला, नाही म्हणून. शिव्या खाईन, अजून काय. पण बाबा, निघायची तारीख मला आधी सांगा.

रत्नाकर : काहून? तेव्हा पुन्हा अडवशील?

केतन : सुट्टी टाकावी लागते ना बाबा. ऐन वेळी नाही देत आमच्याकडे.